हिराजीकाकांची मांडी

हिराजीकाका गाडीत बसले की आधी चपला काढायचे. आत बसून, वाकून, त्या सीटखाली सरकवायचे आणि अनवाणी पाय समोरच्या दोन पेडलांवर ठेवायचे. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही एक क्लच आणि एक ब्रेक असतो, तीच ही पेडलं. "चपलेतून गारी कलत नाय," असं ते म्हणायचे. काका बदलापूर गावातले जुने आगरी. त्यांच्या तोंडी गाडीची गारी व्हायची आणि कळण्याचं कलणं. शिकायला येणारे आम्ही बहुतेक कात्रपच्या सोसायट्यांमधले. पहिल्या दिवशी आम्हाला हसू यायचं, आठवडाभरात आम्हीही घरी गारी म्हणायला लागायचो.

आपण ब्रेक कधी दाबला हे ते शिकणाऱ्याला कळू द्यायचे नाहीत. रिक्षा आडवी आली, मी गांगरले, गाडी थांबली, की काका शांतपणे म्हणायचे, "बरोबर थांबवलीस, बाय." थांबवली कुणी हे मला कधीच कळलं नाही. एकदा धीर करून विचारलं तर म्हणाले, "माझ्याकडं काय बघतंस? पुढं बघ." हे त्यांचं ठरलेलं उत्तर. जमतंय का, टेस्टला बसू का, काहीही विचारा, पुढं बघ.

खरं उत्तर ते पायांनी द्यायचे. शिकणारा तयार झाला असं त्यांना वाटलं की एखाद्या दिवशी न बोलता दोन्ही पाय वर घ्यायचे आणि सीटवर मांडी घालायचे, पंगतीत बसल्यासारखे, फक्त पट्टा लावून. त्या क्षणापासून गाडी सगळी तुमची. आमच्या सोसायटीत याला ‘मांडी पडली’ म्हणत. लिफ्टची वाट बघताना बायका एकमेकींना विचारायच्या, काय गं, मांडी पडली का? माझी चौतिसाव्या दिवशी पडली, अंबरनाथच्या एमआयडीसीतले रुंद रस्ते महिनाभर घासून झाल्यावर. तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि मी मजल्यावर पेढे वाटले. पुढे लायसन हातात आलं तेव्हा एवढं काही वाटलं नव्हतं.

या गोष्टीला सहा वर्षं झाली. यंदाच्या फेब्रुवारीत माझी मुलगी सई काकांकडे शिकायला लागली. नुकती अठरा पूर्ण झालेली. तिचं कॉलेज उल्हासनगरला, आणि तिला तिथे गाडी घेऊन जायचं होतं, एकटीने. तिचा बाबा म्हणाला, कायद्याने मोठी झाली, जाऊ दे. मला काही ठरवता येईना. ही मुलगी दूध गॅसवर ठेवून विसरते आणि परीक्षेच्या सकाळी हॉलतिकीट शोधते. आणि सासूबाई जिन्यात पडल्या तेव्हा आम्ही दोघं नुसते एकमेकांवर ओरडत असताना हिनेच खाली जाऊन रिक्षा आणली होती. यातली कुठली सई गाडी चालवणार होती? मी मनाशी ठरवून टाकलं की हा निकाल काकांच्या पायांवर सोडायचा. मांडी पडली तर चावी द्यायची.

पण माझा जीव राहीना. मागच्या सीटवर बसू का म्हणून विचारलं. काका म्हणाले, "बस. पन मागं ब्रेक नाय." तरी मी रोज मागे बसून दाबतच होते. उजव्या पोटरीत गोळे यायचे. काका आरशातून बघायचे. या वेळी ते थोडे थकल्यासारखे वाटले, बोलणंही कमी झालेलं, पण मी तेव्हा त्यांच्याकडे बघतच नव्हते.

काकांचा शेवटचा धडा उल्हासनगरच्या बाजारात असायचा. अरुंद गल्ली, दोन्हीकडे दुकानांचा माल रस्त्यावर, मधून टेम्पो आणि हातगाड्या. माझी तिथे जायची पाळी चाळिसाव्या दिवशी आली होती. सईला त्यांनी नवव्या दिवशी नेलं. गल्लीच्या तोंडाशी मी बघते तर काकांनी पाय वर घेतले आणि मांडी घातली. मला आधी वाटलं, चुकून. मला चौतीस दिवस लागले आणि हिला नऊ? तेवढ्यात कापडाचे तागे भरलेली हातगाडी एका बोळातून सरळ आमच्या समोर आली. मी मागे धाडकन पाय आपटला. गाडी थांबली. हातगाडी आणि आमच्यामध्ये वीतभर जागा होती. दुकानातला सिंधी म्हातारा सईला म्हणाला, "आराम से, बेटा, आराम से." सई नुसती मान हलवून पुन्हा पहिला गिअर टाकत होती. काकांचे पाय मांडीतच होते. म्हणजे हा ब्रेक तिचाच, यात शंका नव्हती. तरी परतीच्या वाटेवर मी मागे पाय दाबतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सई उतरून गेल्यावर मी काकांना गाडीतच गाठलं. म्हटलं, काका, खरं सांगा, एवढ्याशा मुलीला एकटीला सोडायचं? तिला तेवढी समज आली आहे का? काकांनी वाकून सीटखालच्या चपला ओढल्या.

"माझा पोरगा पस्तीस वरसाचा हाय," ते म्हणाले. "त्याच्या बाजूला मी अजून मांडी नाय घातली."

यातून मी काय समजायचं? वयाचा काही संबंध नाही, असं? की पस्तिशीतही समज येत नाही, मग अठराव्या वर्षी कसली, असं? मी पुन्हा विचारणार होते, पण ते चपला पायात सरकवत होते आणि त्या काही केल्या पायात जात नव्हत्या. मग त्या तशाच हातात घेऊन ते ऑफिसात गेले.

सईचं लायसन आलं. मांडी पडलेली होती, ठरल्याप्रमाणे मी चावी द्यायला हवी होती. मी दिली नाही. आज पाऊस आहे, आज पुलावर ट्रॅफिक आहे, आज गाडीत हवा कमी आहे. सई आधी भांडली, मग गप्प झाली, आणि ते गप्प होणं मला जास्त लागलं. एक दिवस ती म्हणाली, "आई, काकांनी मांडी घातली होती ना? तू मागेच बसली होतीस." मी म्हटलं, एकदा काकांना नीट विचारते आणि मग देते. फोन केला तर कळलं की काका हल्ली येत नाहीत, बरं नाही. भेटायला जाऊ जाऊ म्हणता दोन महिने गेले आणि एका सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर काका गेल्याचंच आलं.

दिवसकार्य झाल्यावर आम्ही दोघी बदलापूर गावात त्यांच्या घरी गेलो. गाडी सईने चालवली, मी शेजारी. सई बाहेर ओट्यावर काकांच्या नातीशी बोलत बसली आणि मी आत काकींजवळ. मी त्यांना मांडीची गोष्ट सांगितली. काकांच्या मांडीला आमच्याकडे किती मान होता, माझ्या मुलीला नवव्या दिवशी कशी मिळाली, हे सगळं कौतुकाने सांगितलं. काकी ऐकत होत्या.

"दिवालीपासून पाय सुजायचं त्यांचं," काकी म्हणाल्या. "खाली सोडून बसवायचं नाय. घरात पन खुर्चीवर मांडी घालूनच बसायचं. मी बोलायची, बंद करा आता. तर म्हनायचं, पोरी चांगल्या चालवतान, मना काय करायला लागत नाय."

मी हातातला चहा खाली ठेवला. म्हणजे फेब्रुवारीत ती मांडी कशाची होती? विश्वासाची की सुजेची? पाय दुखत होते म्हणून त्यांनी माझ्या मुलीला बाजारात ब्रेकशिवाय सोडलं? मला क्षणभर त्यांचा राग आला, आणि त्याच घरात, त्यांच्या फोटोसमोर बसून राग आला याची लाजही वाटली. पण पोरी चांगल्या चालवतान, हेही त्यांचंच म्हणणं. आणि ती हातगाडी? तिथे तर पेडलावर कुणाचाच पाय नव्हता, फक्त सईचा होता. मी जेवढा विचार करत होते तेवढा गुंता वाढत होता. काकींना विचारण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

परत निघालो. सईला यातलं काहीच माहीत नव्हतं. सांगावं की नाही, हेही मला कळेना. उड्डाणपुलाच्या चढावर गाड्या खोळंबल्या होत्या आणि मागे एक टँकर अगदी चिकटून उभा होता. सईने गाडी चढावर धरून ठेवली, तसूभरही मागे जाऊ दिली नाही. माझा पाय मात्र समोर नसलेला ब्रेक शोधत होता. शेवटी मलाच माझी कीव आली. मी चपला काढल्या, सीटखाली सरकवल्या, पाय वर घेतले आणि मांडी घातली. विश्वास म्हणून घातली की दाबून दाबून पाय दमला म्हणून, ते मला आजही सांगता येणार नाही.

सईने चमकून माझ्याकडे पाहिलं. "आई, पाय दुखतायत का?"

"पुढे बघ," मी म्हटलं.

पुलाच्या पलीकडे आल्यावर ती म्हणाली की तिला कॉलेजात प्रोजेक्टची फाईल द्यायची आहे, पाचपर्यंत. एवढंच म्हणाली. चावी मागितली नाही. सोसायटीच्या गेटपाशी तिने गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं नाही. मी उतरले, दार लावलं. काहीतरी बोलायला हवं होतं, सावकाश जा, पोचल्यावर फोन कर, असलं काहीतरी. सईने आरशात पाहिलं, इंडिकेटर दिला आणि उल्हासनगरच्या बाजूला वळली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर पायाला डांबर भाजायला लागलं. चपला गाडीतच राहिल्या होत्या. वॉचमन विचारत होता, मॅडम, क्या हुआ? आणि मी गेटपाशी तशीच अनवाणी उभी होते, उजवा पाय जमिनीत दाबून.