रोटातली मूठ

मी देव मानत नाही, हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं. का मानत नाही असं कुणी विचारलं, की मी थोरल्या काकांच्या घराकडे बोट दाखवायचो. याहून मोठा पुरावा लागतो असं मला तेव्हा वाटत नव्हतं.

काका आमच्या भावकीत सगळ्यांत वडील. पहाटे तापीत बुडी, कपाळभर गंध, एकादशीला निरंकार उपास. बोलणं इतकं मऊ, की ओरडून भांडणाऱ्यालाच लाज वाटावी. तेव्हापासून मला मऊ बोलणाऱ्या माणसाचा संशय येतो. असा कुणी दारात आला की मी आधी त्याचे हात बघतो, तोंड नंतर. ही खोड वाईट आहे, पण ती मला कशी लागली ते सांगतो.

आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाला डोळे, नथ लावून देवी मांडायची आणि सोमवारी वाजतगाजत नदीवर न्यायची. आदल्या दिवशी, शनिवारी, रोटासाठी, म्हणजे देवीच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, गहू मोजतात. हे मोजणं पायलीनं नाही, मुठीनं. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ, मग तो पाळण्यातला का असेना. आमच्या गावची माणसं सुरतेला असोत की फौजेत, मूठ पडायचीच. मेलेल्याची तेवढी पडत नाही. त्या गव्हाचे रोट फक्त भाऊबंदांनी खायचे, बाहेरच्याला तुकडासुद्धा द्यायचा नाही. म्हणजे कोण आपला आणि कोण नाही, हे वर्षातून एकदा त्या परातीत ठरायचं.

जर्मनीची पहिली लढाई संपली त्याच्या आसपासची गोष्ट. मी नुकताच गावच्या शाळेत मास्तर झालो होतो. वडील आधीच गेले होते, माझा धाकटा भाऊ शेती बघायचा. त्या हिवाळ्यात कापूस वेचायला सातपुड्यातलं एक कुटुंब आमच्या शेतात उतरलं होतं. नवरा, बायको आणि चारेक वर्षांची मुलगी. पटकीची साथ आली आणि नवरा एका दिवसात गेला. गावातलं कुणी त्या झोपडीकडे फिरकेना. माझा भाऊ मात्र तिथे तीन दिवस राहिला. त्यांच्याच मडक्यातलं पाणी प्यायला, त्यांच्याच चुलीवरची पेज त्यांना पाजली आणि स्वतःही खाल्ली. चौथ्या दिवशी त्या मुलीला खांद्यावर घालून आमच्या ओट्यावर आणलं. मुलगी वाचली, तिची आईही वाचली.

पंच बसले. काका त्यांत पुढे. प्रायश्चित्त घे, जातीला जेवण घाल, म्हणाले. भाऊ म्हणाला, "मी काय पाप करं ते सांगा, मंग देखू." ते कुणालाच सांगता आलं नाही, म्हणून त्याला वाळीत टाकलं. सहा-सात महिने तो गोठ्यात जेवला. माय त्याचं ताट गोठ्याच्या उंबऱ्यावर ठेवायची. कानबाई येऊ दे, देवीपुढे सगळं मिटेल, असं ती म्हणायची. तिचा तेवढा भरवसा होता.

तो शनिवार आला. काका परातीपुढे बसून एकेकाचं नाव घेत मूठ टाकत होते. माझं नाव झालं, मूठ पडली. मग भावाचं नाव यायचं होतं. तो दाराबाहेर उभा होता, अंघोळ करून, धुतलेली बंडी घालून. काकांनी गव्हात हात घातला, मूठ भरली, आणि तशीच पोत्यात परत सोडली.

"त्यानी मूठ नही," ते म्हणाले. मऊ आवाजातच. "तो आते आपलामा नही. देवीले चालस नही."

माय काहीतरी बोलायला गेली, तिला बायांनी गप्प केलं. भाऊ मायकडे वळला. "माय, मी जास," म्हणाला आणि गेला. त्या आठवड्यात तो नवापूरकडे जंगलात लाकूडतोडीच्या कामाला निघून गेला. पुढे कधी परत आला नाही.

आणि मी? मी परातीजवळच बसलो होतो. माझी मूठ परातीत पडलेली होती. मी एक अक्षर बोललो नाही.

त्यानंतर मी देवावर चिडलो. काकांवर चिडायचं तर त्यांच्या तोंडावर बोलावं लागलं असतं. देवावर चिडायला काहीच लागत नव्हतं. ही अक्कल मला फार उशिरा आली. तेव्हा मला वाटत होतं की मी मोठा हिशेबी विचार करतोय. जी देवी असल्या माणसाच्या हातून मुठी घेते ती देवी खोटी, आणि तिला मानणारे एकजात ढोंगी. मी वेगळी चूल मांडली. देव्हाऱ्यातले टाक फडक्यात गुंडाळून पेटीत टाकले. बायकोला आणि मायला बजावलं की या घरातून कानबाईला गव्हाचा दाणा जाणार नाही. घरात पुरुष मी एकटाच, मला दोन्ही मुलीच. त्यामुळे माझ्या घराची मूठ बंद झाली ती माझ्या एका शब्दानं.

मग माझी टेहळणी सुरू झाली. मला दोघींचाही भरवसा नव्हता. श्रावण आला की मी कोठीतले गहू तळहातानं सपाट करायचो आणि वर बोटानं एक फुली काढायचो. दरवर्षी शनिवारी ती फुली मोडलेली असायची.

"उंदरं व्हतीन," बायको म्हणायची आणि तोंड फिरवून हसायची.

आमच्या घरातल्या उंदरांना पंचांग कळत होतं. वर्षभर उपाशी राहून ते नेमके नागपंचमीनंतरच्या शनिवारी गहू खायचे. मी बायकोवर संशय घेतला, तिच्या माहेरच्यांवर घेतला, शेजारणीवर घेतला. शाळेत पोरांनी पाटीमागे काही लपवलं तर मला लगेच कळायचं, पण घरातली चोरी सापडेना. सात-आठ वर्षं हे चाललं. एवढी वर्षं मी देवावर विश्वास ठेवला नाही, पण फुलीवर मात्र ठेवला.

अखेर एका शनिवारी मी शाळेला जातो म्हणून निघालो आणि गल्लीच्या तोंडाशी थांबलो. थोड्या वेळानं माय बाहेर आली. लुगड्याच्या पदराखाली काहीतरी होतं. ती इकडेतिकडे बघत काकांच्या घराच्या मागच्या दाराकडे वळली. माझं डोकं फिरलं. सून नाही, शेजारीण नाही, खुद्द माय! आणि तीही त्या घरी!

मी धावत जाऊन तिला अडवलं. "कोठे चालनी?"

"काकूकडे."

"पदरमा काय शे?"

मी पदराखालचं फडकं ओढलं. "ज्यानी तुन्हा पोऱ्याले हाकली दिधं, त्यान्हा घर तू गहू लई जास? तुले लाज कशी वाटस नही?"

हे मी मायला बोललो, भर गल्लीत, चार माणसं बघत असताना. तिनं फडकं धरून ठेवलं, मी हिसडा दिला, गाठ सुटली. गहू चिखलात सांडले. श्रावणातली गल्ली, ढोरांच्या खुरांनी तुडवलेली. दाणे दिसेनासे झाले.

मागचं दार उघडून काकू बाहेर आली. काकांची बायको, साऱ्या जन्मात मोठ्यानं न बोललेली. तिच्या हातात रिकामी परात होती. तिनं चिखलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दरसाल लई येस ती," काकू म्हणाली. "मी दळनमा मिसळी देस. तुन्हा काका दरसाल तोच रोट खातस."

मला आधी कळलंच नाही. मग हळूहळू कळलं. काकांनी ज्याला परातीतून काढलं त्याची मूठ या दोघींनी दरवर्षी मागच्या दारानं परत आत घातली होती. सगळी भावकी, पंच, काका, सगळ्यांनी सात-आठ वर्षं माझ्या भावाच्या नावाचा रोट खाल्ला होता, देवीपुढे बसून. मी मात्र खाल्ला नव्हता.

माय खाली बसून चिखलातले दाणे वेचत होती. वेचता वेचता माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुन्हा काकानी लिधी नही. तू वती दिधी." त्यांनी नुसती घेतली नव्हती, मी ओतून टाकली होती.

काकू म्हणाली, घरून दुसरे आण, अजून दळायचं आहे. माय उठली, हात पदराला पुसले. "नको," म्हणाली. "चोरीनं लई येत व्हतू तवलग ठीक व्हतं. आते घरधनीनी वती दिधं." चोरून आणलेली मूठ आईची असते, घरच्या कर्त्यानं उघड नाकारली की ती नाकारलेलीच. त्या वर्षी माझ्या भावाची मूठ पडली नाही. ती काकांनी अडवली नव्हती.

मी घरी येऊन बसलो. मला स्वतःची किळस आली. पण खोड जात नाही. त्या वेळीसुद्धा मी काकूवर संशय घेतला. नवऱ्याचं पाप धुवायला करत असेल, म्हटलं. काकांना हे माहीत असेल का, असाही संशय आला. माहीत असून गप्प बसले असतील तर त्यांना काय म्हणायचं? मी काकूला पुढे एकदा विचारलं. ती म्हणाली, "मी कधी इचारं नही."

माझ्या इतक्या वर्षांच्या हिशेबात एक गोष्ट कधी आलीच नव्हती. काकांच्या वागण्यावरून मी देवीचा निकाल लावला होता. मग मायला आणि काकूला कुठे बसवायचं? त्याही तिलाच मानत होत्या. आणि मी कुणालाच मानत नव्हतो, तरी काकांनी केलं तेच केलं, वर मोठ्या आवाजात. काका वाईट म्हणून देवी खोटी, तर मी वाईट म्हणून माझी बुद्धी खोटी ठरायला हवी. ते मला मान्य नव्हतं आणि आजही नाही. कानबाई आहे असं मला वाटत नाही. पण ती नाही हे मी काकांकडे बोट दाखवून सांगत होतो, तो पुरावा पोकळ होता. काकांविरुद्ध जे म्हणायचं होतं ते काकांनाच म्हणायला हवं होतं, त्या शनिवारी, परातीजवळ बसून.

त्याच वर्षी मार्गशीर्षात मी सारंगखेड्याच्या जत्रेला गेलो. घोडे घ्यायचे नसले तरी आमच्या भागातले लोक घोडे बघायला जातात. तिथे नवापूरकडून आलेला एक गाडीवान भेटला. माझं गाव ऐकून त्यानं भावाची खूण सांगितली आणि विचारलं, तुमचा कोण? मी सांगितलं. तो म्हणाला, तो तर गेला, या पावसाळ्यात, हिवतापानं. आम्हीच चौघांनी नेला.

मी काय विचारावं? शेवटी काही बोलला का, कुणाची आठवण काढली का, कुठे नेला? हे काहीच विचारलं नाही. मी विचारलं, "कोणता महिना?"

"पावसाळा व्हता, मास्तर."

"श्रावणाआधी का नंतर?"

त्यानं माझ्याकडे विचित्र नजरेनं पाहिलं. त्याला आठवत नव्हतं. मी त्याला पुन्हा पुन्हा विचारलं, नागपंचमी झाली होती का, पोळा झाला होता का. तो वैतागून निघून गेला. मग मला कळलं की मी काय विचारत होतो. चिखलात सांडलेल्या गव्हानं जंगलातला माणूस मरत नाही, हे मी पोरांना शिकवू शकलो असतो. आणि तरी मला तारीख हवी होती.

मायला सांगितलं. ती रडली, तिसऱ्या दिवशी चुलीपुढे बसली. मी वाट बघत राहिलो, ती कधीतरी म्हणेल, तूच घालवलास त्याला. भाकरी वाढताना म्हणेल, भांडता भांडता म्हणेल. ती काहीच म्हणाली नाही. तिच्या गप्प राहण्याचाही मी संशय घेतला. मनातल्या मनात ती मला दोष देते आहे, असं मला रोज वाटायचं, आणि विचारायची छाती नव्हती.

पुढचा श्रावण आला. मी कोठीत फुली काढली नाही. शनिवारी सकाळी मायनं माझ्यासमोरच कोठी उघडली, फडकं पसरलं आणि सव्वा मूठ गहू टाकले. गाठ मारायला लागली.

"माय," मी म्हणालो, "त्यानी मूठ आते..."

"त्यानी नही शे. मरेलनी मूठ ऱ्हास नही." तिनं गाठ आवळली. "दरसाल दोन लई जात व्हतू. एक त्यानी, एक तुन्ही. ही तुन्ही शे."

त्या दिवशी चिखलात दोन मुठी सांडल्या होत्या आणि मी एकच मोजत होतो.

"मी देवीले मानस नही, माय."

"तुले कोन इचारं? मोजनारी मी शे." तिनं फडकं माझ्यापुढे धरलं. "वतनं व्हई ते आत्तेच वती टाक. गल्लीमा नको."

मी फडकं घेतलं. ती पुढे निघाली, मागच्या दाराकडे न वळता सरळ काकांच्या ओट्याकडे. गल्लीत चिखल होता. मी गाठ दोन्ही हातांनी धरून तिच्या मागे चालत राहिलो. फडकं फार हलकं लागत होतं.