वानखडे बाईंचा पहिलीचा वर्ग

वानखडे बाईंना शिकवू दिलं नाही.

काल दुपारी त्या गेल्या.

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, ते खरंच असेल. मी मला जे दिसलं तेवढं लिहून राह्यलो.

बाई आमच्या गावच्या झेडपी शाळेत पहिलीला होत्या. सकाळी मेडशीला एसटीतून उतरायच्या अन् गावाकडची जी मोटरसायकल भेटेल तिच्यावर मागे बसून यायच्या.

मला त्यांनीच शिकवलं. नंतर माझ्या पोरीला, अन्वीला.

अन्वी घरी बडबडी, बाहेर एकदम गप. पहिलीत गेली तर दिवाळीपर्यंत तोंड उघडलं नाही.

बाईंनी तिला कधी "बोल" म्हणून दटावलं नाही. तिच्याजवळ खाली बसून स्वतःच बोलत राहायच्या, आमच्याच वऱ्हाडीत.

एक दिवस पोरगी म्हणाली, "बाई, आमच्या बकरीले पिल्लू झालं."

बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहिलं, मोठ्या अक्षरात. "हे अन्वीचं वाक्य हाये. वाचा सगळे."

पोट्ट्यांनी वाचलं. मग बाईंनी त्याच्याच खाली लिहिलं, "बकरीला". म्हणाल्या, "पुस्तकात असं लिवतात. दोनी आपलेच."

त्या दिवशी अन्वी घरी आली ती नाचतच.

मग तो प्रोग्राम आला.

कोणत्या तरी मोठ्या संस्थेनं बनवलेला. रोज काय शिकवायचं, कोणता प्रश्न विचारायचा, सगळं मोबाईलवर. सगळ्या शाळा एकाच दिवशी एकाच पाठावर. शिकवतानाचा फोटो टाकायचा.

तपासायला एक तरुण यायचा. पोरगा सभ्य होता, इंजिनिअर. कधी कोणत्या वर्गाला शिकवलेलं नव्हतं, हे तोच हसत सांगायचा.

तो म्हणाला, "मॅडम, बाकी शाळा पाठ बारावर आहेत."

बाई म्हणाल्या, "माझी पोरं अजून चारवर आहेत. त्यांना सोडून मी एकटीच बारावर जाऊ का?"

त्यानं मान हलवली अन् मोबाईलवर काहीतरी टाईप केलं.

नंतर तालुक्याला बैठक झाली. मी शाळा समितीचा अध्यक्ष, म्हणून मलाही बोलावलं होतं. स्टेजवर एक साहेब, संस्थेचे लोक अन् एक पुढारी. शिक्षक सगळे खाली.

बाईंनी हात वर केला. "हा कार्यक्रम बनवताना पहिलीच्या कोणत्या शिक्षकाला विचारलं होतं का?" एवढंच विचारलं. आवाजही चढवला नाही.

साहेब म्हणाले, "मॅडम, तुमची शाळा रिपोर्टमध्ये लाल रंगात आहे, मागे पडलेली. शिकवणं तुमचं काम. काय शिकवायचं ते ठरवणारे लोक आहेत. बसा खाली."

पुढारी माईकवर म्हणाला, "पगार सरकार देते ना? मंग सांगतलं थे करा!"

स्टेज हसलं. खाली बसलेले काही शिक्षकसुद्धा हसले.

मी उठलो. म्हटलं, "साहेब, मी अध्यक्ष. आमचं गाव बाईंवर खूश हाये."

"अध्यक्ष, धोरण गावाला विचारून ठरत नसतं."

मीही बसलो.

परत येताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "मी पहिलीतल्या पोरालेबी असं चारचौघात कधी खाली बसवलं नाही बाप्पा."

महिन्याभरात व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर आली. प्रतिनियुक्ती. म्हणजे नाव आमच्याच शाळेत, पण बाई तालुक्याच्या ऑफिसात. कॉम्प्युटरवर दुसऱ्या शाळांची माहिती भरायला.

आम्ही गावातले बारा-पंधरा जण गेलो. तालुक्याला सांगितलं, वरून आहे. वाशीमला गेलो, तिथंही तेच, वरून आहे.

आमचा सरपंच शेवटी चिडून म्हणाला, "अरे वर म्हंजे कुठं? आमी तिथंबी जातो, पत्ता तर द्या!"

कोणाकडेच पत्ता नव्हता.

मी त्या तरुणाला फोन केला. तो मनापासून म्हणाला, "सॉरी दादा. मी आता त्या प्रोजेक्टवर नाही."

पुढच्या वर्षी तो प्रोग्रामच बंद झाला. दुसरा आला. बाई मात्र ऑफिसातच राहिल्या. त्यांना परत पाठवायचं कोणाच्या लक्षातच आलं नाही, की कोणाच्या हातात नव्हतं, मला अजून कळलं नाही.

मागच्या आठवड्यात अकोल्याला दवाखान्यात भेटलो. बाई अर्ध्या झाल्या होत्या.

"अन्वी वाचते का रे?"

"वाचते बाई. धडाधड वाचते. पन काय वाचलं म्हून विचारलं, का गप."

बाईंनी डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या.

"घरी तिच्याशी बोलत जाय," त्या म्हणाल्या. "काहीबी बोल. वावरातलं, बजारातलं. तिले बोलू दे. तुले जमते थे."

मी हो म्हटलं.

आज सकाळी अंत्यविधी होता. मी काल रात्रीच शाळेतल्या सरांना फोन केला होता, पोरांना घेऊन येता येईल का म्हणून.

सर रडवेले झाले. "भाऊ, उद्या ऑनलाइन टेस्ट हाये. टाइम वरून ठरलेला. एकबी पोरगं गैरहजर दिसलं तर मले नोटीस."

मी फोन ठेवला. त्यांनाही घरदार आहे.

त्रिशरण झालं. फुलं वाहिली. सगळी मोठी माणसंच होती. अन्वीही शाळेत, टेस्टला.

बाई, तुमच्या वर्गातलं एकही पोरगं तुम्हाला पोचवायला येऊ शकलं नाही.

आम्ही पुष्कळ हातपाय मारले. काही झालं नाही.

या बाई आता. तुमच्या गावाचा तुम्हाला शेवटचा जयभीम, शेवटचा नमस्कार.