साहेबांची चूक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवापुढंही नाही. पिंपरीला नवा कारखाना निघालाय, तिथं फाटकावर मी पहारेकरी आहे. लोक मला हवालदार म्हणतात. लढाईतल्या गोष्टी विचारतात. मी सांगतो — पण ही सोडून.

आमचे कर्नलसाहेब इंग्रज. मिसरूड फुटतं न फुटतं तोच पलटणीत आले आणि पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडं गेले. वेढ्यात अडकल्यावर जवानांबरोबर घोड्याचं मांस खाल्लं म्हणे. पुढं सरहद्दीवर वर्षं काढली. मराठी शिकले — मोडकंतोडकं, पण आमच्या घरचं नाव-गाव विचारण्यापुरतं. दुसऱ्या लढाईत इटलीत पलटण त्यांच्या हाताखाली होती. आता ब्रिगेडियर होणार, असं सगळे बोलत.

तिथं एका नदीपलीकडं आमची एक तुकडी पुढं गेली होती. तीत धोंडी होता. चाकणजवळच्या आमच्याच गावचा, शेजारच्या घरातला. भरतीला आम्ही दोघं मिळून गेलो होतो. शत्रूचे रणगाडे येताहेत अशी खबर आली. वायरलेस बंद पडलेला. साहेबांनी मला बोलावलं. "पळ. त्यांना सांग, ताबडतोब मागं या."

मी पळालो. कुठवर? रस्त्याखाली एक मोरी होती, तिथवर. तोफा सुरू झाल्या आणि मी मोरीत शिरलो. थोडं थांबून निघू, असं म्हणत होतो — खरंच म्हणत होतो का? पाय हलले नाहीत. मग परत फिरलो, सलाम ठोकला आणि म्हणालो, "हुकूम पोचवला, साहेब."

नदीपलीकडून एकही माणूस परत आला नाही.

चौकशी झाली. वरचे साहेब मला उलटसुलट विचारू लागले तेव्हा कर्नलसाहेब मधे पडले. "माझा माणूस खोटं बोलत नाही," म्हणाले. "हुकूम पोचला आणि तरी ते आले नाहीत, म्हणजे मीच उशिरा पाठवला." मी तिथंच उभा होतो. तेव्हा बोललो असतो तर? नाही बोललो. त्यांची पलटण काढून घेतली. कोठाराच्या कामावर बसवलं. दोन लढाया लढलेला माणूस — कांबळी आणि बूट मोजत राहिला.

पुढं फौज सुटल्यावर ते दक्षिणेत चहाच्या मळ्यावर नोकरीला होते. स्वराज्य येऊन काही वर्षं झाली, आणि कायमचं विलायतेला निघण्याआधी ते मला शोधत आले. धोंडीच्या आईला भेटायचंय, म्हणाले. मी घेऊन गेलो.

काकू ओट्यावर कांदे निवडत होती. साहेबांनी टोपी काढली. केस पार पांढरे झाले होते. "आई," ते म्हणाले, "हुकूम मी उशिरा दिला. तुझा मुलगा माझ्या चुकीने गेला."

काकूनं हातातला कांदा खाली ठेवला. मग माझ्याकडं वळली. "तू तितंच व्हतास न्हवं? काय झालं व्हतं, सांग मला."

हाच तो क्षण. तोफा नव्हत्या, रणगाडे नव्हते. एक म्हातारी होती फक्त.

"साहेब म्हंत्यात त्येच खरं, काकू."

ती उठली. मला तांब्याभर पाणी आणून दिलं. साहेबांना म्हणाली, "तुमी जावा. माज्या दारात हुबं ऱ्हाऊ नगा." मी पाणी प्यालो. त्यांच्यासमोर प्यालो. ते मान खाली घालून गाडीकडं चालत गेले, आणि मी सोडायला गेलो तेव्हा वाटेत मला म्हणाले, "हिच्याकडे लक्ष ठेव."

ठेवलं. काकू मला लेक म्हणायची. सणाला माझ्यासाठी पोळी झाकून ठेवायची. मी खात होतो.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. तिला दुसरं कुणी नव्हतं, म्हणून अग्नी मी दिला. गावकरी म्हणाले, पोटच्या पोरानं करावं तसं केलंस. मी मान हलवली. मडकं खांद्यावर घेऊन फिरलो, फोडलं, आणि रीतीप्रमाणं मागं न बघता घरी आलो.