लॅकरचा नववा तोटा

खराडीत फ्लॅट घेतल्यावर दोन वर्षांनी आम्ही जेवणाचं टेबल करायला टाकलं. सागवानी, सहा खुर्च्यांचं. घरात मी, बायको आणि मुलगा अशी माणसं तीनच, पण टेबल माझ्या डोक्यात होतं ते अण्णांसाठी. अण्णा म्हणजे माझे वडील, गावच्या हायस्कुलात शिपाई होते. मुख्याध्यापकांचं टेबल त्यांनी तीस वर्षं रोज सकाळी पुसलं, पण त्याला टेकून कधी उभेसुद्धा राहिले नाहीत. त्याच शाळेनं मला फी माफ करून शिकवलं आणि पुढे मी घराण्यातला पहिला पदवीधर झालो. आता अण्णांनी माझ्या टेबलाशी, खुर्चीवर बसून जेवावं, एवढीच माझी इच्छा होती. ते रविवारी येणार होते आणि टेबल अजून कोरं होतं.

सुतारानं कसबा पेठेतल्या एका पॉलिशवाल्या काकांकडे पाठवलं.

"काका, लॅकर लावावं का?"

"लावा. टेबल तुमचं आहे."

"तसं नाही, फायदे-तोटे सांगितलेत तर बरं होईल," म्हणत मी वही काढली. आमच्या शाळेत 'फायदे व तोटे लिहा' हा पाच गुणांचा प्रश्न हमखास यायचा. पानाच्या मधोमध रेघ मारल्याशिवाय मला आजही कशाचाच निर्णय घेता येत नाही. लग्नाआधीही मी तसं पान केलं होतं; ते बायकोला सापडलं, हा वेगळा विषय.

काकांनी वहीकडे पाहिलं. "परीक्षा कोणाची आहे? माझी की तुमची?"

पण सांगितलं त्यांनी सगळं. लॅकर झटपट वाळतं. लाकडाच्या रेषा उठून दिसतात. चकाकी आरशासारखी. पुढे खराब झालं, तर नवा हात जुन्यात विरघळून एकजीव होतो, सगळं खरवडावं लागत नाही. तोटे मात्र भराभर आले. गरम पातेलं ठेवलं की पांढरा वळ, पाणी साचलं की डाग, ओरखडा लगेच उठतो, थिनरचा वास जाता जात नाही. असं करत करत आठ तोटे झाले आणि पान संपलं.

"त्यापेक्षा पीयूचं पॉलिश लावलंत तर जास्त टिकेल," ते म्हणाले, "पण माझ्याकडे त्याला आठवडा लागेल. तुम्हाला टेबल हवंय की रविवार?"

मी रविवार म्हटलं.

पायरी उतरत होतो तेव्हा मागून आवाज आला, "आणि वर प्लास्टिक अंथरू नका. चिकटतं." मी मान डोलावली. वही पिशवीत गेली होती. शिवाय एवढी चकाकी झाकायला कोण जाईल? पाच गुणांना आठ मुद्दे पुष्कळ झाले.

रविवारी अण्णा आले. टेबलात त्यांना स्वतःचं तोंड दिसलं. टोपी नीट केली आणि म्हणाले, "ह्याच्यावर जेवायचं? डाग पडंल की!" आणि भिंतीला टेकून खाली मांडी घालून बसले. चार दिवस मी विनवण्या केल्या. चार दिवस ते जमिनीवर आणि आम्ही तिघं वर, अपराध्यासारखे.

पाचव्या दिवशी ऑफिसातून आलो तर अण्णा खुर्चीवर बसून भाकरी खात होते! माझा आनंद दारातच मावेना. मग टेबल पाहिलं. त्यांनी बाजारात जाऊन जाड पारदर्शक प्लास्टिक आणलं होतं, मापात कापलं होतं, कोपरे आत दुमडून चिकटपट्टी लावली होती. दर जून महिन्यात ते माझ्या पुस्तकांना असंच कव्हर घालायचे.

"आता बिनघोर," ते म्हणाले.

मला नववा तोटा आठवला. पण प्लास्टिक काढलं तर अण्णा पुन्हा जमिनीवर. मी दहा दिवस गप्प बसलो. अकराव्या दिवशी त्यांच्या ताटाजवळचा कोपरा हळूच उचलून पाहिला. चर्र! प्लास्टिकबरोबर हातभर चकाकी निघून आली.

बायको म्हणाली, "अण्णांना कळता कामा नये. खचतील ते." म्हणून ते सकाळी बागेत फिरायला गेल्यावर काकांना बोलावलं. अण्णा नेमके त्या दिवशी लवकर परतले.

काका टेबलावर वाकलेले. "हे कोणत्या शहाण्याचं काम?"

"म्याच घातलं," दारातून अण्णा म्हणाले. उभे होते ते, काच फुटल्यावर मुख्याध्यापकांसमोर उभं राहावं तसे.

काकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळले. "तुम्हाला सांगितलं होतं ना मी? वही आणा." मी आणली. चष्मा लावून त्यांनी तोट्यांवरून बोट फिरवलं. "आठच. नववा कुठाय?"

"पान संपलं होतं."

"पदवी कुठून घेतलीत?"

अण्णांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. "ह्याचं पहिल्यापास्नं असंच हाय बघा," ते उत्साहानं म्हणाले. "पुरवणी मागायला लाजतंय पोरगं. गुरुजीबी तेच म्हणायचे."

मग दोघं कामाला लागले. मी चहा केला. काकांनी पॉलिश पेपरनं घासलं, अण्णांनी भुकटी पुसली. काका थांबून बघत राहिले. "एक कण राहिला नाही. कुठं शिकलात?"

"शाळंत," अण्णा म्हणाले.

नवा हात जुन्यात खरोखरच एकजीव झाला. फक्त अण्णांच्या ताटाजवळ, तिरपं पाहिलं तर, वीतभर मंद डाग उरला. "हा घालवायचा तर लाकडापर्यंत खरवडावं लागेल," काका म्हणाले.

"ऱ्हाऊ द्या," अण्णा म्हणाले.

संध्याकाळी त्यांनी स्वतःच खुर्ची ओढली आणि ताट नेमकं त्या डागावर ठेवलं.

"हितं आधीच बिघडल्यालं हाय," सुनेला म्हणाले, "हितं काय भ्या न्हाई. वाढ."