उलट्या हाताची खात्री

दिनांक १२ मार्च, मंगळवार. रक्कम एक हजार आठशे चाळीस फक्त. तपशील: मिस्त्रींचा वायरमन परवाना, नूतनीकरण परीक्षेचे शुल्क. व्हाउचर मीच केलं आणि मालकांपुढे ठेवलं. त्यांनी मान वर न करता सही केली.

"पास झाले तर कंपनीचा खर्च. नापास झाले तर पगारातून तीन हप्ते," ते म्हणाले.

आमची कचेरी विजेच्या कामाची कंत्राटं घेते. मिस्त्री तिथे एकतीस वर्षं वायरमन होते, मी त्यांच्यानंतर आठ वर्षांनी हिशेबाला लागलो. काम पुरं झालं की तपासणीच्या दाखल्यावर परवानाधारकाची सही लागते. ती नसेल तर मीटर बसत नाही. आमच्याकडच्या बहुतेक दाखल्यांवर मिस्त्रींची सही असे: ठळक, डावीकडे झुकलेली, खाली दोन टिंबं.

त्या वर्षी नियम बदलले. जुना परवाना चालू ठेवायचा तर नव्या नियमपुस्तकावर लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा द्यायची, तीही साठी पूर्ण होण्याआधी. नापास झालेल्याला वर्षभर पुन्हा बसता येणार नव्हतं. मिस्त्रींना साठ पूर्ण व्हायला सात महिने उरले होते. म्हणजे संधी एकच.

ते अभ्यासाला बसले. पुस्तक चारशे बारा पानांचं. छतावरच्या सौर पट्ट्या, गाड्यांचे चार्जर, फोनवरून लागणारे दिवे, सगळं त्यात होतं. वायरींचे रंगसुद्धा बदलले होते. ज्या काळ्या वायरीला ते जन्मभर न्यूट्रल म्हणत आले, ती आता निळी झाली होती.

"दिवा लावायला फोन लागतो," ते मला म्हणाले, "आणि फोन चार्ज करायला वीज. यातलं आधी काय बिघडेल ते मात्र पुस्तकात दिलेलं नाही."

त्यांची मुलगी रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करायची. घरी आली की ती बापाला प्रश्न विचारी. मी एकदा अर्जावर सही घ्यायला गेलो तेव्हा हेच चाललं होतं.

"बाबा, लीकेज ब्रेकर किती मिलीअँपिअरला पडला पाहिजे?"

"तीस."

"आणि किती वेळात?"

मिस्त्री छताकडे बघत राहिले. आतून वहिनी म्हणाल्या, "लोकांच्या घरांत एवढा उजेड पाडलात, आता जरा स्वतःच्या डोक्यात पाडा."

"तुझ्या भावाकडचा फ्यूज कोणी बसवला ते विसरलीस का?"

"तो दुसऱ्याच दिवशी उडाला, ते नाही विसरले."

मुलगी हसली आणि तिने उत्तर सांगितलं. मिस्त्रींनी ते वहीत लिहून घेतलं, त्याखाली रेघ मारली.

प्रात्यक्षिकाचा सराव कुठे करायचा हा प्रश्न होता. कामाच्या जागी मालक वेळ देईनात. माझ्या घरचा बोर्ड तसाही जुना झाला होता, म्हणून मी म्हटलं, माझ्याकडे करा. एका रविवारी ते आले आणि नव्या नियमांप्रमाणे अख्खा बोर्ड बदलून दिला. मी पुस्तकातले टप्पे कागदावर उतरवून घेतले होते. एकेक टप्पा झाला की त्यावर खूण करत होतो. मेन स्विच बंद, त्याला कुलूप, वर पाटी. मग टेस्टर आधी चालू जागी लावून बघायचा, मग बंद केलेल्या वायरीला, मग पुन्हा चालू जागी, म्हणजे मधल्या मधे टेस्टरच बिघडला नाही ना ते कळतं. सगळं बिनचूक केलं.

त्यानंतर पक्कड उचलण्याआधी त्यांनी उजव्या हाताची मागची बाजू उघड्या तारेला हलकेच लावली. चहाचा कप गरम आहे का बघावं, इतक्या सहज.

"हे काय?" मी विचारलं.

"खात्री. विजेनं बोटं आपोआप मिटतात. तळहात लावला तर तार मुठीत येते, मग मूठ सुटत नाही. उलटा हात लागला तर तो मागे ओढला जातो." मग म्हणाले, "थोरल्या भावानं मला काम शिकवलं. त्याच्या टेस्टरचा दिवा गेला होता. त्याला वाटलं, लाइन बंद आहे. त्याची मूठ मीच उघडली, नंतर."

माझ्या यादीत हा टप्पा नव्हता, म्हणून त्यापुढे मी काही लिहिलं नाही. लिहायला हवं होतं. निदान पुस्तक उघडून बघायला हवं होतं.

लेखी परीक्षेत त्यांना शंभरपैकी चौऱ्याऐंशी गुण पडले. मुलीने तो कागद फ्रिजवर लावला. प्रात्यक्षिक तंत्रशाळेत होतं. मालकाचा प्रतिनिधी हजर हवा म्हणून मी सोबत गेलो आणि काचेच्या दाराबाहेर बाकावर बसलो. दार अर्धवट उघडं होतं. परीक्षक तिशीतली बाई होती, अदबीनं बोलणारी. मिस्त्रींनी कुलूप लावलं, पाटी लावली, टेस्टर तीन वेळा लावला. बाई टॅबवर खुणा करत होती. मग मिस्त्रींचा उजवा हात उलटा होऊन तारेकडे गेला.

बाईचं बोट थांबलं.

"काका, हात का लावलात?"

मिस्त्रींनी आपल्या हाताकडे पाहिलं. "सवय आहे."

"टेस्टरनं तपासलं होतंत ना?"

"तपासलं होतं. बंद होती."

"मग?"

"मग बंद आहे ना, ते बघितलं."

बाईने टॅब खाली ठेवला. मग म्हणाली, "काका, बाकी सगळं उत्तम आहे, खरंच. पण उघड्या तारेला हात लावला की थेट बाद. माझ्या हातात काही नाही."

"बरोबर आहे तुमचं," मिस्त्री म्हणाले. "पान एकशे अठरा. पाठ होतं मला."

बसस्टॉपपर्यंत आम्ही चालत आलो. त्यांनी उजवा हात खिशात घातला होता तो बाहेर काढला नाही.

मालकांनी दुसऱ्या दिवशी तोडगा काढला. "काम तुम्ही करा, सही नव्या मुलाची घेऊ. पगार थोडा कमी होईल, एवढंच."

"नको," मिस्त्री म्हणाले. "माझ्या जोडणीवर त्याची सही, आणि उद्या कोणी चिकटलं तर तुरुंगात तो. आणि परवाना नसताना मी तर जोडणीला हातसुद्धा लावायचा नाही."

"मग स्टोअर सांभाळा. दुसरं काही नाही माझ्याकडे."

ते स्टोअरमध्ये गेले. पगार निम्म्याला आला. शुल्काचे तीन हप्ते मीच कापले, सहाशे तेरा, सहाशे तेरा, सहाशे चौदा. सकाळी ते खिडकीतून वायरीची भेंडोळी आणि टेस्टर देतात. प्रत्येकाला सांगतात, "आधी चालू जागी लावून बघ रे." घेणारा तोवर जिन्यात पोचलेला असतो. ऑक्टोबरमध्ये त्यांना साठ पूर्ण झाली. फ्रिजवरचा कागद वहिनींनी काढला नाही, मुलीनं काढला.

माझ्या घरच्या बोर्डाच्या झाकणाला आतून एक छापील पट्टी आहे. तपासणाऱ्याची सही, परवाना क्रमांक, तारीख. तिन्ही जागा कोऱ्या आहेत. नवा परवाना आला की भरतो, असं मिस्त्री तेव्हा म्हणाले होते. सामानाचे पैसे मी त्याच दिवशी दिले, फक्त सुटे नसल्यानं स्क्रू आणि वायरीच्या टोकांना लावायच्या लग्जचे पासष्ट रुपये राहिले. ते घेऊन मी दोनदा स्टोअरच्या खिडकीशी गेलो.

"सही नसलेलं काम अजून पुरं झालेलं नाही," ते म्हणाले. "पुरं झालं की घेईन."

पुढच्या जूनमध्ये मी निवृत्त होतोय. मिस्त्रींचे पासष्ट माझ्याकडे बाकी आहेत.