लाल फूल, पांढरं फूल

अलकनंदाबाई फळ्याशी उभ्या राहिल्या की वर्गात जांभई द्यायची कुणाची छाती होत नसे. चेन्नईत, अण्णा नगरमधल्या त्या शाळेत त्यांनी उभी हयात काढली, मोडक्यातोडक्या तमिळवर आणि ठणठणीत इंग्रजीवर. मराठी बोलायला घरात एक यजमान, रत्नाकरराव होते, रेल्वेच्या कारखान्यातले. ते गेले, आणि बाईंची मराठी मुलाच्या रविवारच्या फोनपुरती उरली.

२००७ सालच्या जानेवारीत त्या दहावीला संभाव्यता शिकवत होत्या. "उद्या पाऊस पडण्याची संभाव्यता किती?" असं विचारलं की पोरं हटकून एकच चूक करायची. पडेल किंवा पडणार नाही, म्हणजे अर्धी. बाईंचं डोकंच फिरायचं. "अरे, शक्यता दोन आहेत म्हणून त्या सारख्या होतात का? उद्या माझ्या खुर्चीत हत्ती येऊन बसेल किंवा बसणार नाही. अर्धी का?" वर्ग खो खो हसायचा. मग बाईही गालातल्या गालात हसायच्या. तास संपूच नये असं त्यांना वाटायचं, कारण घरी हसायला होतं कोण?

आता खरी गोष्ट सांगतो. मुलगा अनय पुण्याला नोकरीत. वडील गेल्यावर तो एकदा म्हणाला होता, "आई, वाटलं तर ये इकडे." बाई वाट बघत बसल्या, की कधीतरी हा नुसतं "ये" म्हणेल आणि आपण चंबूगबाळं आवरून निघू. तो काही म्हणेना. इकडे शाळेला मार्चच्या आत सांगायचं होतं, पुढच्या वर्षी आहात की नाही. शेवटी बाईंनी मान खाली घालून फोनवर स्वतःच विचारलं, येऊ का म्हणून. तो म्हणाला, "तुला बरं वाटेल ते कर, आई. आमची काही सक्ती नाही." गुणी मुलगा हो, एक शब्द वाकडा बोलला नाही. पण आपल्यासाठी हट्ट धरणारं जगात कुणी उरलं नाही, हे बाईंच्या फार जिव्हारी लागलं.

हे त्यांनी एकट्या विजयलक्ष्मीला सांगितलं. ती तमिळ शिकवायची. जेवणाच्या सुट्टीत दोघी वर्षानुवर्षं एकाच बाकावर डबा खायच्या. ऐकून ती म्हणाली, "टीचर, देवीला विचारू या."

लाल आणि पांढरं फूल वेगवेगळ्या कागदांत बांधून देवीपुढे ठेवायचं आणि त्यातली एक पुडी उचलायची, अशी तिथली रीत. बाई मूळच्या कोकणातल्या, कौल लावणं त्यांना नवं नव्हतं. पण संभाव्यता शिकवणाऱ्या बाईनं हे करायचं म्हणजे हद्दच झाली. तरी गेल्या. दुसरं विचारायचं तरी कुणाला?

रविवारी संध्याकाळी कोपऱ्यावरच्या अम्मन देवीच्या देवळात विजयलक्ष्मी पुड्या बांधूनच घेऊन आली. लाल निघालं तर पुणं, पांढरं निघालं तर इथंच. पुजाऱ्यानं पुड्या देवीच्या पायांना लावून समोर ठेवल्या. बाईंनी डोळे मिटून एक उचलली. आत तगरीचं पांढरं फूल. विजयलक्ष्मीनं हात जोडले आणि लगबगीनं प्रदक्षिणेला निघून गेली.

उरलेली पुडी कुणी उघडत नाही. पण बाई हाडाच्या मास्तरीण, अर्धवट उदाहरण त्यांना कुठलं सोसायला? त्यांनी ती उघडली. तिच्यातही तगरच.

आधी संताप आला. देवीपुढे लबाडी? लाल फूल निघायची संभाव्यता शून्यच होती की. तेवढ्यात गाभाऱ्याच्या मागून विजयलक्ष्मी येताना दिसली. ओठ पुटपुटत होते आणि ती स्वतःच्या गालांवर मारून घेत होती. मंगळवारचा उपास कधी न चुकवणारी बाई ती. बाईंना एकदम सगळं समजलं. त्यांनी पुडी पुन्हा बांधली आणि होती तिथं ठेवली.

"मग, टीचर?" विजयलक्ष्मीनं चाचरत विचारलं.

"देवी राहा म्हणते," बाई म्हणाल्या. "देवीपुढं आपलं काय चालतं?"

घरी येऊन त्यांनी अनयला फोन लावला. "मी इथंच राहते रे." तो लगेच म्हणाला, "ठीक आहे, आई." निदान "का गं?" तरी विचारेल असं बाईंना वाटलं होतं. फोन ठेवून त्या पोटभर रडल्या. आणि रडता रडताच त्यांना उमगलं, की आपण जाऊ नये म्हणून देवीशी खोटं बोलणारं एक माणूस या गावात आहे.