होडीला कापड लावलं तो दिवस

मी आणि बायकोने मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे होडीला फायबरचं कापड लावणं. तिने कापड ताणून धरलं आणि मी ब्रशने रेझीन, म्हणजे सुकलं की कडक होणारं चिकट रसायन, मारत गेलो. मे महिना होता. ऊन चढलं की रेझीन मगातच दगड होतं, म्हणून सकाळी सातलाच कामाला लागलो होतो.

मी सातपूरच्या एका कारखान्यात फायबरच्या टाक्या आणि कूलरचे सांगाडे करायचो. माणूस चौथी शिकलेला, पण या कामात हात बसलेला. आमचं घर गंगापूर धरणाच्या पाण्याच्या अलीकडे, सडकेला लागून. तिच्या वडलांनी तिच्यासाठी ठेवलेलं अर्धा एकर रान पलीकडे. त्यात तिने मोगरा लावला होता. पहाटे माझी भावजय आणि ती पाण्याला वळसा घालून जायच्या, कळ्या तोडायच्या आणि पाट्या डोक्यावर घेऊन तोच दीड तासाचा वळसा घालून बस धरायच्या. मोगरा कुणासाठी थांबत नाही. फुलबाजारात पोचेपर्यंत निम्म्या कळ्या तोंड उघडायच्या, आणि उमललेला मोगरा हारवाले हातात धरत नाहीत. पाण्यावरून सरळ आलं तर पाव तासाचं काम. हे ती मला वीस वर्षं सांगत होती. सांगत कसली, ऐकवत होती.

"लोकांच्या घरात गार वारा सोडता, अन् बायकोच्या डोक्यावरची पाटी तेवढी उतरंना तुमच्यानं."

म्हणून होडी. कारखान्यात मशीनं यायची त्या खोक्यांच्या फळ्या मागून आणल्या. दोन्ही टोकांना निमुळती, दोन बायका आणि दोन पाट्या मावतील एवढी. फळ्यांमधल्या फटी लाकडाचा भुसा आणि रेझीन कालवून बुजवल्या. ते सगळं मी दहा महिने करत होतो. "पोर नऊ महिन्यांत होतं," ती म्हणायची, "तुमचं अजून पोटातच हाय."

ती होडी पुढे पुष्कळ वर्षं चालली. बायको मात्र तिच्यात एकदाही बसली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याने उगाच आशा धरायला नको.

कापड लावायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तिने पालथ्या होडीची पूजा केली. नवीन वस्तूवर घरच्या बाईच्या हाताचा ठसा उमटवायचा असतो, तसा तिने नाकाडावर, होडीच्या पुढच्या टोकावर, हळदकुंकवाचा पंजा उमटवला. सकाळी मी तो बघितला. मला आवडला. म्हटलं, "राहू दे. वर रेझीन बसलं की काचेखालच्या फोटोवानी दिसंल."

काम झकास चाललं होतं. पांढरं कापड रेझीन प्यायलं की दिसेनासं होतं, खालचं लाकूड वर येतं. तिने ते पहिल्यांदाच बघितलं. "अगं बाई, गेलं कुठं?" म्हणून हसत बसली. रेझीन घट्ट करणारं हार्डनर मी कारखान्यातल्यासारखं बुचाने मोजून टाकायचो. तिने दुसऱ्या मगापासून काडी बुडवून वर धरायला सुरुवात केली, लाडवाचा पाक बघतात तशी. "तार धरतंय, आवरा," म्हणायची. मला वाटायचं अजून वेळ आहे, आणि तेवढ्यात ब्रश ओढायला लागायचा. एकोणीस वर्षं मी ते काम केलं होतं, पण तिचा अंदाज माझ्या बुचापेक्षा बरोबर.

नाकाडावर आलो आणि कापड बसेना. पंजाच्या जागी दाबलं की चिकटायचं, ब्रश उचलला की परत फुगायचं. तिसऱ्यांदा फुगलं तेव्हा मी विचारलं, "कुंकू कशात कालवलं होतंस?"

"खोबरेल तेलात. पाण्यात कालवलं तर पुसून जातं म्हणून."

तेलावर रेझीन धरत नाही. मी ब्रश आपटला आणि नको ते बोललो. दहा महिन्यांच्या कामाला तेल लावलंस, म्हणालो. ती ऐकून घेणाऱ्यातली नव्हती.

"तुम्हीच म्हणलात ना, राहू दे? म्हणं फोटोवानी दिसंल! ह्यात तुम्ही शिकलेले का मी?"

तिचं खरं होतं. विचारायचं काम माझं होतं. पण मी तेव्हा कबूल केलं नाही. एवढंच म्हणालो, की आता हात लावला तर सगळं कापड ओढलं जाईल. सुकू दे, उद्या सकाळी फुगा कापून ठिगळ लावू.

"लावा. होडी गळायला नको, मला पोहता येत नाय," ती म्हणाली.

दुपारी जेवलो. फायबरची खाज सुटली म्हणून दोघं खोबरेल चोळत बसलो, त्यावरून परत तिने मला चिडवलं. मग "जरा पडते, उठल्यावर भांडू," म्हणाली. पडल्या पडल्याच तिच्या छातीत कळ आली. शेजाऱ्याची जीप दारात येईपर्यंत संपलं होतं. दिवस मावळायच्या आत नदीकाठी सगळं उरकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून होडीपाशी गेलो. नखाने दाबून बघितलं, रेझीन पक्कं झालं होतं. नाकाडावर बोटाने वाजवलं तर पोकळ आवाज. आत तिची पाच बोटं स्वच्छ दिसत होती. मी पातं आणलं तशी भावजय धावत आली.

"दादा, सुतक हाय. आज अवजाराला हात लावू नका."

"सुतक मला हाय. होडीला नाय."

"मग तेवढं तरी ठेवा. बाईंचा हात हाय तो."

"ठेवतो. अन् मधल्या पाण्यात फाटलं म्हंजे? तुला येतं पोहता?"

ती पदर तोंडाला लावून ओट्यावर बसली.

मी फुगा गोल कापून काढला. खालचं कुंकू पॉलिश पेपरने घासलं. तेल लाकडात मुरलं होतं, लाल गेलं तरी हळदीचा पिवळा डाग जाईना. थिनरने पुसलं, परत घासलं, परत पुसलं. कोरं लाकूड लागलं तेव्हा थांबलो. मग एकट्याला धरता येईल एवढंच कापड कापलं आणि ठिगळ लावून टाकलं.